टीबी निघू दे

गाठ काढून झालीय, पहिला रिपोर्ट आलाय, पण त्यात नक्की काय ते लिहिलेलं नाही, आता पुढच्या रिपोर्टची वाट बघत बसलोय. 2021 ला मला हॉजकिन लिम्फोमा झाला होता, म्हणजे मान, काख, छाती इथं ज्या लसीका गाठी असतात त्यांचा कॅन्सर. 2022 च्या सुरुवातीला ट्रीटमेंट संपली, स्कॅन क्लीन आला, आणि आता तीन वर्षांनी डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात परत गाठ हाताला लागली. तोच आजार परत आला असेल किंवा मग टीबी असेल, डॉक्टर म्हणतात दोन्ही शक्य आहे. केमोबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात, या मधल्या दिवसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि मला तरी केमोपेक्षा हे दिवस जास्त जड जायलेत म्हणून लिहितोय.

मागची ट्रीटमेंट बार्शीला झाली, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला. आमच्या सोलापूर जिल्ह्यात कुणी नुसतं "बार्शीला नेलंय" म्हटलं की समोरचा पुढं काही विचारत नाही, कशासाठी ते कळतं. एबीव्हीडी म्हणून चार औषधांची केमो असते, पंधरा दिवसाला एक डोस, सहा सायकल म्हणजे बारा डोस. त्यातलं एक औषध लालभडक, ते गेलं की दिवसभर लघवी लाल. वैरागमार्गे गाडी करून जायचं, संध्याकाळी परत, पुढचे चार दिवस आडवं. कठीण होतं पण रस्ता माहीत होता, कधी संपणार ते माहीत होतं. हॉजकिन हा बरा होणाऱ्या कॅन्सरमध्ये वरच्या नंबरचा, परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, त्यामुळं तिसरं वर्ष संपलं तेव्हा बायकोनं पुरणपोळी केली होती. घरात कुणी कारण बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

मार्चच्या शेवटी अंघोळ करताना गाठ लागली. दुखत नव्हती. न दुखणारी गाठ काय असू शकते हे मला आता शिकवायला नको. त्याच दिवशी बायकोला सांगितलं, तिनं बोट लावून बघितलं आणि कपाटातून जुनी फाईल काढली, एवढंच.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, रात्री घाम येतो का, संध्याकाळी ताप येतो का, वजन किती उतरलं. आता एप्रिलमध्ये सोलापुरात 42-43 डिग्री असताना रात्री घाम कुणाला येत नाही. गच्चीवर झोपलं तरी येतो. मी काय उत्तर देणार? डॉक्टर समजूतदार, म्हणाले नुसता घाम नाही, कपडे आणि चादर बदलावी लागेल असा भिजवणारा घाम येतो का. त्या दिवसापासून बायको सकाळी उठली की माझी चादर हातानं चाचपून बघते. मी झोपल्याचं सोंग करून पडून राहतो कारण तिच्या तोंडाकडं बघवत नाही. चादरी कधी ओल्या असतात, कधी नसतात, आणि उकाडा आहे की आजार आहे हे चादर बघून आम्हा दोघांनाही कळत नाही.

आधी सोनोग्राफी झाली आणि इथंच एका लॅबमध्ये सुईची टेस्ट केली. रिपोर्ट आला "रिॲक्टिव्ह", म्हणजे साधी सुजलेली गाठ. सगळे नातेवाईक म्हणाले झालं, काही नाही. बार्शीच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. त्यांनी समजावलं ते जमेल तसं सांगतो, कारण हे ज्याला त्याला माहीत असायला पाहिजे. हॉजकिनमध्ये गाठीतल्या सगळ्या पेशी कॅन्सरच्या नसतात, खऱ्या कॅन्सरच्या पेशी शंभरात एखादी, कधी त्याहून कमी, बाकी सगळी त्यांच्याभोवती जमलेली साध्या पेशींची गर्दी. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावरच्या गर्दीत एक माणूस शोधायचा तसं. सुईनं चार थेंब काढले त्यात तो माणूस आलाच नाही तर रिपोर्ट साधा येणार. शिवाय गाठीची आतली रचना बघायला लागते, ती सुईत येत नाही. त्यामुळं लिम्फोमाची शंका असली, आणि त्यात परत आल्याची शंका असली तर पूर्ण गाठ काढून तपासायची. सुईचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तिथंच थांबू नका, हे मी हात जोडून सांगतो.

त्याआधी पेट स्कॅन, तो पुण्यात केला. हुतात्मा एक्सप्रेसनं पहाटे उपाशीपोटी निघालो, डब्यात लोक कुर्डुवाडीपासून डबे उघडायला लागले, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा वास सुटला, मी खिडकीकडं तोंड करून पाणी पीत बसलो. तिथं आधी शुगर बघतात, मग सुईतून किरणोत्सर्गी साखर देतात आणि तासभर एका खोलीत गप्प पडून राहायला सांगतात, बोलायचं नाही, मोबाईल नाही. जिथं पेशी जास्त साखर खातात तिथं स्कॅनमध्ये चमकतं. त्या औषधाचा जोर दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून काही तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं. माझी पोरगी सहा वर्षांची आहे, त्यामुळं मी दुपारभर चुलत भावाच्या दुकानात मागच्या बाजूला बसून राहिलो आणि संध्याकाळच्या हुतात्मानंच परत आलो. घरी पोचलो तोवर ती झोपली होती.

रिपोर्टमध्ये मानेतली गाठ चमकत होती, आणि छातीत पण दोन छोट्या. मला वाटलं संपलं. डॉक्टर म्हणाले थांब, पेटमध्ये कॅन्सर चमकतो तसा टीबी पण चमकतो, साधं इन्फेक्शन पण चमकतं. पेट फक्त सांगतं कुठली गाठ काढायची, ती कशाची आहे ते सांगत नाही. आपल्याकडं टीबी इतका आहे की मानेत गाठ म्हटली की तो डोक्यात ठेवावाच लागतो, आणि केमो होऊन गेलेल्या माणसाला तर जास्तच.

तेव्हापासून मी टीबी मागतोय.

हे ज्याला अनुभव नाही त्याला विचित्र वाटेल. पण टीबी म्हणजे सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यातून फुकट, वर सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात, आणि बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. हॉजकिन परत आला तर आधी जास्त कडक केमो, ती लागू पडली तर मग स्वतःच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढून ठेवून मोठा डोस द्यायचा आणि त्या परत चढवायच्या, म्हणजे ट्रान्सप्लांट. त्यातूनही बरेच लोक बरे होतात, डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं आणि मी ते धरून आहे. पण त्यासाठी मुंबईकडं महिनोन्‌महिने राहावं लागेल, खारघरला टाटाचं सेंटर आहे तिथं भाऊ चौकशी करून आलाय. जन आरोग्य योजनेची मर्यादा मागच्या वेळी दीड लाख होती, आता पाच लाख झालीय, त्यात किती बसतं ते बघायचंय. दोन्ही रस्ते समोर ठेवले की माणूस काय मागणार?

घरी सांगितलं तर आई एकदम बसलीच. "टीबी म्हणू नको रे, तसलं अभद्र तोंडातून काढू नको." मी म्हटलं आई, तो नसला तर कॅन्सर आहे. तरी ती तेच. आप्पा काही न बोलता बाहेर गेले.

मग रात्री कळलं. आप्पांची मोठी बहीण टीबीनं गेली होती, मिलच्या चाळीत. आप्पा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. तिची ताटली वेगळी, तांब्या वेगळा, गॅलरीच्या टोकाला गोणपाटाचा आडोसा करून तिला ठेवलेलं, आणि आप्पा तिच्यापुढं लांबून भाकरी सरकवायचे. चाळीत कुणी त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. तिच्या नंतर दोन वर्षं घरातल्या कुठल्याच पोरीचं लग्न जमलं नाही. हे सगळं मला माझ्या वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं, आईनं भांडी घासता घासता सांगितलं. आप्पांनी स्वतः कधी तिचं नावही काढलं नव्हतं. त्यांच्यासाठी कॅन्सर हा दवाखान्यातला आजार आहे, मोठा, पण दवाखान्यातला. टीबी हा घरातला आजार आहे. मी त्यांना समजावलं की गाठीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही, फुप्फुसात नसला तर माझ्यापासून कुणाला काही होणार नाही, आता औषधं आहेत. आई म्हणाली, "ते तुला माहिताय, गल्लीला माहिताय का? उद्या पोरीच्या शाळेत कळलं म्हणजे?" ती चुकीचं बोलतीय असं मला म्हणवत नाही. कॅन्सर झाला तेव्हा गल्लीनं डबे पाठवले होते. टीबी झाला तर पाठवतील का, मला माहीत नाही.

ऑपरेशन इथंच सोलापुरात झालं, मान बधिर करून. दुखत नाही पण ओढल्याचं सगळं कळतं, आणि सर्जन नर्सशी बोलतात ते सगळं कानात जातं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. यातली एकच गोष्ट नीट लिहून ठेवतो. गाठ निघाली की ती साधारणपणे फॉर्मलिनमध्ये टाकतात, म्हणजे ती कुजत नाही आणि पेशी आहे तशा राहतात. पण फॉर्मलिननं टीबीचे जंतू मरतात, मग त्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची टेस्ट, होत नाही. म्हणून टीबीची शंका असेल तर एक तुकडा वेगळ्या बाटलीत नुसत्या सलाईनमध्ये पाठवायचा असतो. बार्शीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर हे लिहून दिलं होतं, आमच्या सर्जननं पण आधीच दोन बाटल्या काढून ठेवल्या होत्या, तरी ऑपरेशनला जाण्याआधी आपण विचारून घ्यावं, कारण गाठ एकदाच निघते. भावानं दोन्ही बाटल्यांवरचं नाव, बाजू, तारीख वाचून फोटो काढला आणि मगच उन्हात गाडीवर निघाला.

टीबीची जीनएक्स्पर्ट टेस्ट मशीनवर दोन तासांत होते. ती आली "नॉट डिटेक्टेड". माझा चेहरा बघून लॅबमधल्या मुलानं आपण होऊन सांगितलं की गाठीत जंतू फार थोडे असतात, त्यामुळं यात नाही आला म्हणजे नाहीच असं नसतं, कल्चर लावलंय, त्याला सहा आठवडे लागतात. तो मुलगा माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान असेल. त्यानंच मला सांगितलं की फॉर्मलिनमधल्या तुकड्याचं पुढं काय होतं: एक रात्र तो तसाच मुरू देतात, मग त्यातलं पाणी काढून त्यात मेण भरतात, मेणाचा ठोकळा होतो त्याला ब्लॉक म्हणतात, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात, रंग देतात, निळा आणि गुलाबी, आणि मग पॅथॉलॉजिस्ट बघतात. मधे 14 एप्रिलची सुट्टी आली, त्यामुळं एक दिवस वाढला. बाहेर सगळीकडं जयंतीची तयारी, निळे झेंडे, डीजे, आणि मला मात्र सारखं माझा तुकडा आता कुठल्या पायरीवर असेल एवढंच सुचत होतं.

पण खरं सांगतो, मला सगळ्यात जास्त आधार त्या मुलाच्या बोलण्याचा झाला. येणारा-जाणारा सांगतो पॉझिटिव्ह राहा, काही होत नाही, देव आहे. त्यांची माया कळते, पण त्या वाक्यापुढं मला काही बोलता येत नाही, उलट समोरच्याला बरं वाटावं म्हणून मलाच हसावं लागतं. आज तुकडा मेणात आहे, उद्या कापणार, परवा पॅथॉलॉजिस्ट मॅडम बघणार, हे कळलं की तो दिवस मला जातो. उशीर का होतोय ते माहीत असलं की उशिराची भीती निम्मी होते. नाहीतर माणूस म्हणतो, काहीतरी वाईट निघालं असणार, म्हणूनच सांगेनात.

पहिला रिपोर्ट रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आला. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी वाचला, आणि सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर शोधायला सुरुवात केली. त्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे छोटे पुंजके, दिसतायत असं लिहिलं होतं, आणि खाली, काही मोठ्या ॲटिपिकल, म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या पेशी आहेत, आयएचसी ही पुढची टेस्ट करून घ्यावी. भावानं ग्रॅन्युलोमा शोधलं तर टीबी आलं. तो ओरडलाच, टीबी आहे, टीबी आहे! बायको रडायला लागली, आनंदानं. आई देवापुढं जाऊन उभी राहिली आणि काय मागावं ते तिला कळेना, मला तिच्या पाठीवरून ते दिसत होतं. सकाळी डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी सांगितलं की हॉजकिनमध्ये पण गाठीत ग्रॅन्युलोमा होऊ शकतात, त्या मोठ्या पेशी कोण आहेत ते ठरल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. एका रात्रीपुरता टीबी मिळाला होता. तेव्हापासून आम्ही लॅबला सांगितलंय की पुढचा रिपोर्ट थेट डॉक्टरांकडं पाठवा, आम्ही त्यांच्यासमोर बसूनच ऐकणार.

आयएचसी म्हणजे त्या पेशींवर कुठल्या खुणा आहेत ते रंग लावून बघायचं. सीडी 30 आणि सीडी 15 या दोन खुणा हॉजकिनच्या पेशींवर सहसा सापडतात, आणखी पण चार-पाच बघतात. त्यासाठी ब्लॉक पुण्याला मोठ्या लॅबला नेला, आणि बार्शीहून 2021 चा जुना ब्लॉक पण काढून आणला, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. जुने ब्लॉक जपून ठेवलेले असतात, अर्ज करून मिळतात, हे पण पुष्कळ लोकांना माहीत नसतं. लॅबवाल्यांनी बजावलं होतं, मेण आहे, बंद गाडीत उन्हात ठेवू नका. भावानं दोन्ही एका डब्यात घालून शर्टाच्या आत धरून नेले. त्याला स्वतःला दोन दिवस आधीच ऊन लागलं होतं.

मी कामावर जातोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथं डिस्पॅच बघतो. मालकांना सगळं सांगितलंय, म्हणाले जमेल तेवढं कर. गठ्ठे मोजताना, बिलं लावताना तास-दोन तास डोकं शांत राहतं. जेवणाच्या सुट्टीत एक मित्र रोज माझ्या शेजारी येऊन बसतो आणि रिपोर्टचं काही विचारत नाही, त्याच्या बोअरला पाणी लागलं का, कांद्याला भाव काय मिळाला, हेच बोलतो, आणि मला ते फार बरं वाटतं. घरी टाके आहेत म्हणून काही उचलायचं नाही. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री दोनला, तेव्हा बायको आणि आप्पा घागरी भरतात आणि मी बॅटरी धरून उभा राहतो. सत्तरीच्या माणसानं माझ्यासमोर घागर उचलायची आणि मी बघायचं, हे मला सहन होत नाही. आप्पा म्हणतात, "धर की बॅटरी नीट, इकडं अंधार व्हायलाय."

वाट बघायची कशी हे आप्पांना चांगलं येतं. त्यांची मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. थकलेल्या पैशांसाठी ते किती वर्षं कोर्टात आणि ऑफिसात जात राहिले, दर तारखेला धुतलेला शर्ट घालून. परवा मी त्यांना विचारलं की तेव्हा दिवस कसे काढले. म्हणाले, तारखेच्या आदल्या दिवशीच तारखेचा विचार करायचा, बाकीच्या दिवशी करायचा नाही, मग ते गप्प झाले आणि थोड्या वेळानं म्हणाले, पण ते पैशाचं होतं रे.

लॅबनं सांगितलंय शुक्रवारी रिपोर्ट डॉक्टरांकडं जाईल. शनिवारची बार्शीची अपॉइंटमेंट घेतलीय. मागच्या वेळी सगळ्या ट्रीटमेंटमध्ये आप्पा एकदाही केबिनमध्ये आले नव्हते, बाहेर झाडाखाली बसायचे. काल संध्याकाळी म्हणाले, या वेळी मी पण आत येणार. मी म्हटलं या की. तर म्हणाले, टीबी निघाला तर ताटली वेगळी ठेवायची का नाही, हे मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय, तुझ्या आईला पण समोर बसवून ऐकवायचंय, आणि ठेवायची नसली तर घरात कुणी तसलं काही करायचं नाही, मी करू देणार नाही.